मालवणातून फ्रायबुर्गला: एका घरात राहून शिकलेली डॉक्टरकी

मी मालवणची, ओरोसला एमबीबीएस करते. गेल्या जूनमध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातल्या एका रुग्णालयात चार आठवड्यांचं पोस्टिंग करून आले. राहायला एका कुटुंबाकडे होते. निघताना सगळी धास्ती वॉर्डची होती, पण जास्त शिकले ते घरात, आणि मला मुख्य सांगायचंय ते तेच. पण आमच्याकडची मुलं भेटली की पहिला प्रश्न कागदपत्रांचा असतो, म्हणून ते आधी सांगते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांची ही देवाणघेवाण १९५१ साली सुरू झालेल्या आयएफएमएसए या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटनेमार्फत चालते. भारतातून मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया तिची सदस्य आहे. अर्ज तिथूनच केला. राहण्याची सोय तिकडचे विद्यार्थी बघतात. कुणाला होस्टेल मिळतं, मला घर मिळालं. कॉलेजचं ना-हरकत पत्र हवं असेल तर आधी हजेरी बघा: थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के. त्याखाली असाल तर साहेबांकडे जाण्यात अर्थ नाही.

दमवलं ते दोन गोष्टींनी. पहिली, पैशाची कागदपत्रं. बाबांची मासेमारी, रोजचा व्यवहार रोखीचा. व्हिसाच्या फाइलला बँक स्टेटमेंट आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. शेवटी डोंबिवलीच्या मामांनी खर्चाची हमी घेतली, त्यांची आयकराची कागदपत्रं जोडली आणि बाबांच्या मच्छीमार सोसायटीचा दाखलाही लावला. किमान ३०,००० युरोंचं कव्हर असलेला प्रवास विमा शेंगेन व्हिसाला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) लागतोच.

दुसरी, गोवर. जर्मनीत १ मार्च २०२० पासून कायदा आहे. १९७० नंतर जन्मलेल्या आणि आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्या माणसाने गोवरपासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यायचा, म्हणजे लसीचे दोन डोस किंवा रक्तातल्या अँटीबॉडीचा रिपोर्ट. माझं लहानपणीचं लसीकरण कार्ड दमट कपाटात राहून अर्धं गेलं होतं, डोसच्या तारखा वाचता येत नव्हत्या. मग अँटीबॉडीची तपासणी केली, सोबत हिपॅटायटिस बी ची टायटर, म्हणजे रक्तात त्याच्या अँटीबॉडी किती आहेत ते. नमुने मुंबईला जातात, रिपोर्टला वेळ लागतो. हे काम व्हिसाच्या तारखेची वाट न बघता आधीच करून टाका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बाबा मुंबईपर्यंत सोडायला येऊ शकले. आई हापूसची पेटी बांधायच्या तयारीत होती, तिला थांबवावं लागलं. युरोपात फळं न्यायची तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांना सूट आहे, आंब्याला नाही. मी आमसुलं, काजू आणि आंबापोळी नेली.

फ्रायबुर्ग ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी आहे. गावातल्या रस्त्यांच्या कडेने दगडी चरांतून पाणी वाहतं, अगदी आमच्या पोफळीच्या बागेतल्या पाटासारखं. पहिल्या संध्याकाळी ते पाहिलं आणि जिवाला बरं वाटलं. घरी काका-काकू, दोघेही साठीच्या पुढचे. (मी त्यांना नावानेच हाक मारावी अशी त्यांची इच्छा होती. तिथे तसंच केलं, इथे लिहिताना मात्र हात वळत नाही.) काकूंची आई तळमजल्यावर राहायची. वय झालेलं, मधुमेह, रक्तदाब, चालायला वॉकर.

वॉर्डमध्ये सकाळी रक्ताचे नमुने घ्यायचे, राउंडला उभं राहायचं. राउंड जर्मनमधून, आणि ऑनलाइन शिकलेलं माझं जर्मन मोडकंतोडकं. एक डॉक्टर मॅडम प्रत्येक पेशंटनंतर दोन वाक्यांत इंग्रजीतून सांगायच्या, त्यांचे उपकार आहेत.

घरी मात्र भाषा अडली नाही. रोज सकाळी घरी येऊन शुश्रूषा करणारी नर्स यायची. आजींची साखर बघायची, इन्सुलिन द्यायची, पायांत घट्ट मोजे चढवायची, वहीत नोंद करून पुढच्या घरी. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा आहे. माणूस किती परावलंबी आहे हे तपासून पाच श्रेणींतली एक देतात आणि त्यानुसार मदत मिळते. तरी रात्री आजी उठल्या तर काकूच उठायच्या. विम्याने सगळा भार उतरत नाही, हे त्या घरात राहिले नसते तर कळलं नसतं.

आजींच्या फ्रिजवर एक कागद लावलेला असायचा. ज्या रुग्णाला तीन किंवा जास्त औषधं दीर्घकाळ चालू असतात, त्याला असा तक्ता मिळण्याचा हक्क तिकडे २०१६ पासून आहे. पहिल्या रकान्यात औषधाचं मूळ नाव, मग कंपनीने दिलेलं नाव, मात्रा, सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र किती, आणि शेवटी ते कशासाठी. मी तो कागद रोज वाचायचे. फार्माकोलॉजी इतकी कधीच जवळची वाटली नव्हती.

एका रविवारी जंगलात फिरून आल्यावर काकूंनी सगळ्यांना गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड बघायला लावलं. काकांच्या पोटरीला एक चिकटलेली निघाली, खाच असलेल्या छोट्या प्लास्टिक कार्डाने काकूंनी ती अलगद उपटली. त्या भागात गोचिडीतून मेंदूज्वर होतो, त्याची लस त्यांनी घेतलेली होती. मी त्यांना दोडामार्गबद्दल सांगितलं: २०१६ पासून आमच्या जिल्ह्यात आढळणारा माकडताप, काजूच्या बागेत जाणारी माणसं, मेलेलं माकड दिसलं की द्यायची वर्दी. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, गोचिडीनेच पसरणारे. काकू पुस्तक काढून बसल्या, आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही बराच वेळ फक्त गोचिडींवर बोललो. सोबत डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी होती. काकांनी दोनदा मागून घेतली.

परत आल्यावर पहिली भेट होती आमच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमातल्या (एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातली काही घरं घेऊन त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवायचं) एका आजींकडे. मुलगा-सून मुंबईला, आजी घरात एकट्या. पायांना सूज होती, बोटाने दाबलं की खळगा राहायचा. गोळ्या कोणत्या विचारलं तर पिशवी पुढे केली. "खंयची कशाची, माका काय ठावक गो बाय?"

पिशवीतलं सगळं खाटेवर मांडलं. काही गोळ्या आरोग्य केंद्रातल्या, काही खासगी दवाखान्यातल्या, काही मुलाने गणपतीत आणलेल्या. प्रत्येक पाकिटावरचं मूळ नाव वहीत उतरवत गेले. अम्लोडिपिन हे रक्तदाबाचं औषध दोनदा आलं, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी. आजी दोन्ही घेत होत्या. या औषधाने पायांना सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की तिचा संभवही वाढतो.

मी स्वतः काही बंद केलं नाही, तो माझा अधिकार नाही. आशाताईंना घेऊन यादी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी आजींना बोलावून तपासलं, लघवी-रक्त बघितलं आणि एक पाकीट काढून टाकलं. पुढच्या भेटीला सूज बरीच उतरली होती.

आता माझ्या सगळ्या घरांत असा कागद करते. आजींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या कागदावर पाकिटाचा तुकडा चिकटवते, शेजारी सूर्य किंवा चंद्र काढते. मुलाला फोटो पाठवते, म्हणजे मुंबईहून येताना तो तेच औषध पुन्हा आणत नाही. आमच्या बॅचमधल्या दोघींनी त्यांच्या घरांत सुरू केलंय. कुणाला नमुना हवा असेल तर वहीचं एक पान पुरतं, पाच रकाने आखा आणि पिशवी आधी पूर्ण रिकामी करायला सांगा.