थर्मोस्टॅट सांगतो, बॉयलर ऐकत नाही

वायरलेस थर्मोस्टॅटवर, म्हणजे खोलीचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करायला सांगणाऱ्या यंत्रावर, २१ अंश लावलेले, खोलीत १६, पडद्यावर ज्योतीचं चिन्ह पेटलेलं आणि बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारे रेडिएटर मात्र गारच. सेल नवे घातले, फरक शून्य.

खरा वैताग त्यानंतर सुरू झाला. थर्मोस्टॅटच्या हेल्पलाइनवर सांगितलं, "चिन्ह दिसतंय ना, मग आमचं यंत्र ठीक आहे. बॉयलर दाखवून घ्या." बॉयलरवाले म्हणाले, "नळाला गरम पाणी येतंय ना, मग बॉयलर ठीक आहे. थर्मोस्टॅट बघा." पुन्हा फोन करावा तर पलीकडे नवा माणूस आणि पुन्हा पहिला प्रश्न सेलचाच. शेवटी एकाने सरळ नवा संच घ्यायला सांगितलं. दोष कुठे आहे हे न शोधता असा सल्ला देतातच कसे, याचा मला अजूनही संताप येतो.

कारण या दोघांच्या मध्ये तिसरी वस्तू असते आणि तिचं नाव कुणीच घेतलं नाही: रिसीव्हर. थर्मोस्टॅटचा संदेश घेऊन बॉयलर चालू करणारी, बॉयलरजवळची ती छोटी डबी. पडद्यावरचं चिन्ह एवढंच सांगतं की थर्मोस्टॅटने उष्णता मागितली आहे. बऱ्याच साध्या मॉडेलांत संदेश एकाच दिशेने जातो. तो पोचला की नाही, हे थर्मोस्टॅटला कळायला मार्गच नसतो.

माहितीपत्रक वाचताना कळलं की रिसीव्हरवर हाताने चालू करायचं बटण आहे. ते दाबलं, आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, 'टक्' वाजला आणि थोड्याच वेळात बॉयलर पेटला! म्हणजे बॉयलर, वायर, रिले सगळं उत्तम, अडलंय ते फक्त सिग्नलमध्ये. इतक्या दिवसांच्या फोनाफोनीत ही साधी चाचणी एकानेही सुचवली नव्हती.

बटण दाबूनही बॉयलर पेटला नाही, तर दोष रिसीव्हरमध्येच, वायरिंगमध्ये किंवा बॉयलरमध्ये समजा. तिथे डबी स्वतः उघडू नका. आत मेन्सचा करंट असतो.

मग पेअरिंग, म्हणजे थर्मोस्टॅट आणि रिसीव्हर यांची जोडणी, नव्याने केलं. थर्मोस्टॅट जवळ धरला की चालायचं, भिंतीवर परत नेला की बंद. रिसीव्हर बॉयलरच्या पत्र्याला चिकटून, तांब्याच्या पाइपांच्या मागे बसवलेला होता. धातू रेडिओ लहरी अडवतो. इलेक्ट्रिशियनने तो बाजूच्या मोकळ्या भिंतीवर हलवला आणि त्याच संध्याकाळी घर उबदार झालं. नवा संच घ्यावा लागला नाही, याचं मला फार समाधान आहे.

हो, चाचणी घेताना तापमान चांगलं चार-पाच अंशांनी वाढवा आणि काही मिनिटं थांबा. वारंवार चालू-बंद होऊ नये म्हणून बऱ्याच यंत्रणा मुद्दाम उशीर करतात. मी सुरुवातीला लगेच निष्कर्ष काढत होते.

उलटी तक्रार असेल, म्हणजे बॉयलर बंदच होत नसेल, तर रिले चिकटलाय का किंवा बॉयलरच्या टर्मिनलमधली जोडतार (थर्मोस्टॅटशिवाय बॉयलर चालू ठेवणारी) काढायची राहिली आहे का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. थर्मोस्टॅट असलेल्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्हही पूर्ण उघडा हवा, नाहीतर ती खोली तापत नाही आणि बॉयलर जळत राहतो.

हेल्पलाइनला फोन करायचाच असेल, तर बटणाच्या चाचणीचा निकाल पहिल्याच वाक्यात सांगा. सेलचा विषय निघायच्या आत.