वॉशिंग्टन राज्यात कुत्रं मोकळं कुठे सोडायचं?

सिएटलजवळच्या रेडमंडला राहून घरात लॅब्रॅडॉर पाळलं असेल तर मेरीमूर पार्क काही चुकत नाही. 40 एकर जागा कुत्र्यांना मोकळी, बाजूनं सॅमॅमिश नदी, आणि शनिवारी सकाळी गेलात तर अर्धं ऑफिस तिथेच भेटतं. आमची चिंगी पार्कचं वळण आलं की गाडीत जे कुईकुई सुरू करते ते पट्टा सुटेपर्यंत थांबत नाही. आईबाबा आले होते तेव्हा आई हौसेनं पांढरे शूज घालून आली, पुढचं सांगायला नको :)

गल्लीतल्या चौकोनी, कुंपणवाल्या छोट्या पार्कांवर मात्र माझा फार जीव नाही. माणसं मधोमध फोन बघत उभी, कुत्र्यांना करायला काही नाही, मग नवीन कुत्रं आलं की सगळी गेटवर धावतात आणि निम्मी भांडणं तिथेच लागतात. मोठ्या जागेत आपण चालत राहतो, त्यामुळे कुत्रीही वास घेऊन पुढे सरकतात, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. म्हणून सिएटलमध्ये गेलो तर मी सरळ मॅग्नुसन पार्क गाठते, तिथली कुत्र्यांची जागा 9 एकर आहे आणि लेक वॉशिंग्टनमध्ये कुत्र्याला पोहता येतं.

मेरीमूरच्या नदीचं एक सांगायचं राहिलं. शरद ऋतूत सॅमन वर चढतात, अंडी घालून मरतात आणि काठाला पडून राहतात. कुत्र्यानं तो कच्चा मासा खाल्ला तर सॅमन पॉयझनिंग होऊ शकतं, माशातल्या कृमीच्या आत असलेल्या जंतूमुळे. लक्षणं दिसायला बरेचदा आठवडाभर जातो, त्यामुळे मासा खाल्लेला आपण विसरूनही गेलेलो असतो, आणि औषध वेळेत मिळालं नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. औषध साधंच असतं हो, पण व्हेटला माशाचं सांगायला पाहिजे. त्या दिवसांत मी चिंगीला काठाला सोडतच नाही.

माझी सगळ्यात लाडकी जागा व्हिडबी बेटावरची, डबल ब्लफ बीच. मुकिलटिओहून क्लिंटनला फेरी, वीसेक मिनिटांची, मग फ्रीलँडच्या दिशेनं थोडं ड्राइव्ह. पार्किंगमधून उतरल्यावर लगेच पट्टा काढायचा नाही, पुढे खूण आहे तिथून मोकळं. ओहोटी असेल तर वाळू इतकी लांबवर उघडी पडते की कुत्रं ठिपक्याएवढं दिसतं, भरतीला मात्र कड्याखाली चिंचोळी पट्टी उरते, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं टायमिंग बघा, उन्हाळ्यात वीकेंडला फेरीची रांगही.

कॅस्केड्सचे डोंगर ओलांडून पूर्वेला स्पोकेनकडे गेलं की सगळंच बदलतं, चिखल कमी, पाऊस कमी, पण उन्हाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळं! चीटग्रास नावाच्या गवताचं कुसळ एकदा घुसलं की आतच सरकत जातं, उलटं येत नाही. गाडीत बसवण्याआधी बोटं फाकवून बघायचं, कान उलटून बघायचे. चिंगीच्या बोटांत बाहेरून नुसती मुगाएवढी लाल गाठ होती, व्हेटनं चिमट्यानं ओढलं तर आख्खं कुसळ बाहेर. तेव्हापासून डोंगरापलीकडे जायचं तर गवत हिरवं असताना, एप्रिलमध्ये वगैरे.