स्पीकरच्या वायरी पणत्यांवर चढवल्या

वायरी जमिनीवरून उचलायचं काम बरंच मार्गी लागलंय. दोन्ही स्पीकरच्या वायरी आणि टर्नटेबलची (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राची) सिग्नल केबल आधारांवर आली, सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) तेवढा राहिलाय. चिनी मातीचे किंवा लाकडी तयार आधार विकत मिळतात, पण त्यातल्या एका नगाच्या पैशात इथे पंचवटीत टोपलीभर पणत्या येतात. म्हणून सगळं घरीच केलं.

आमचं घर तळमजल्यावर आणि फरशी शहाबादी. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पावसाळ्यात नदीचं पाणी लागतं त्या दिवसांत या फरशीला घाम फुटतो. वायर तिच्यावर लोळत राहिली की खालच्या अंगाला धुळीचा चिकट थर बसतो, उघड्या टोकांना ओल लागली की तांबं हिरवं पडतं. शिवाय रोज फरशी पुसताना फडकं वायरीत अडकतं आणि झटका थेट स्पीकरच्या टर्मिनलला बसतो. माझ्यासाठी एवढी कारणं पुरेशी होती.

आधार असा केला : एक पणती पालथी, तिच्या बुडावर दुसरी सुलटी, मध्ये एपॉक्सी. डमरूसारखा आकार होतो आणि खालचं तोंड रुंद असल्यामुळे तो सहसा कलंडत नाही. वरच्या पणतीच्या चोचीत वायर आपसूक बसते. चोचीच्या बरोबर समोरच्या काठाला गोल कानशीने खाच पाडायची, म्हणजे वायर आरपार सरळ जाते. भाजलेली माती कानशीखाली पिठासारखी झडते, पण जोर दिला तर काठाचा टवका उडतो. हात हलका ठेवा आणि तोंडाला रुमाल बांधा. खाचेची धार पॉलिश पेपरने मारून घेतली नाही तर वायरीचं आवरण घासलं जाईल. एकूण उंची दोन इंचांच्या आत-बाहेर येते. माझी वायर दोनपदरी, अडीच स्क्वेअर एमएमची. तिला दर दीड फुटावर एक आधार दिला तर झोळ पडत नाही.

सिग्नल केबल हलकी, तिला वाइनच्या बाटल्यांची बुचं वापरली. नाशकात ती गोळा करणं अवघड नाही, फक्त खरी कॉर्कची बघून घ्या; बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. बूच उभं ठेवून वरच्या तोंडाला खाच पाडायची आणि खाली प्लायचा तुकडा फेव्हिकॉलने चिकटवायचा. प्लायच्या खाली रबराची चकती हवीच, नाहीतर ओल्या फरशीवर तो फुगतो.

थर्माकोल मात्र नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळून वायरीला चिकटतो आणि आवरण कडक होऊन तडकायला लागतं.

आता आवाजाचं. जमिनीला टेकल्यामुळे वायरीची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) वाढते आणि आवाज मंदावतो, असं बरेच जण सांगतात. हिशोब करून पाहू. ५ मीटर वायरीची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरली आणि स्पीकर ८ ओहमचा, तर तिचा परिणाम सुरू होतो ४ कोटी हर्ट्झच्या आसपास. आपल्या कानाची हद्द २० हजारांवर संपते. फरशीमुळे या आकड्यात जो थोडाफार फरक पडेल तो ऐकू येणं शक्य नाही. तरी पुतण्याला मागे उभं करून, मला न सांगता वायरी उचल-ठेव करायला लावल्या. ओळखीचीच रेकॉर्ड होती, पण मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही.

फरक पडला तो टर्नटेबलच्या घरघरीत. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईची हालचाल विजेत बदलणाऱ्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्टचा सिग्नल येतो आणि त्याच्या शेजारून २३० व्होल्टची पॉवर केबल समांतर जात असेल, तर ५० हर्ट्झची घरघर आत शिरतेच. इथे आधार खरे कामाला आले. पॉवर केबल फरशीवर भिंतीकडेने, सिग्नल केबल बुचांवर, मध्ये वीतभर अंतर. जिथे दोघींना ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात. घरघर स्पष्ट उतरली. अर्थात हे श्रेय अंतराचं आहे, बुचाचं नाही. बूच फक्त ते अंतर टिकवून धरतं, झाडू लागला तरी केबल पुन्हा पॉवरच्या अंगावर जात नाही. तुमची घरघर अर्थ लूपची (यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाल्यामुळे येणारी) असेल तर मात्र आधारांनी काही होणार नाही. मग सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेऊन पाहा. अर्थिंगची पिन कधीही काढू नका, ते जिवावर बेतू शकतं.

सबवूफरची केबल उंबऱ्यावरून जाते. तिथे पणती ठेवली तर पायाखाली येणार, म्हणून उंबऱ्यापुरती वायर झाकणारी केसिंग पट्टी ठोकून पलीकडे पुन्हा आधार लावायचा विचार आहे. पट्टी आणून ठेवलीय.