जंबेरीचा सांबारभात

आमच्या विहिरीजवळ एक झाड आहे. लावलं तेव्हा ते संत्र्याचं होतं. खाली जंबेरीचा, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका आंबट झाडाचा खुंट आणि वर नागपुरी संत्र्याचा डोळा, वरुड-मोर्शीकडे बहुतेक कलमं असतात तसंच. पुढे डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग लागला, वरचं संत्रं वाळून गेलं आणि जोडाच्या खालून खुंटच फुटून वर आला. एरवी अशी फूट काढून टाकतात, हे विहिरीच्या कडेला होतं म्हणून राहून गेलं. आता त्याला काटे आहेत आणि खडबडीत सालीची, पिवळीजर्द, दात आंबवणारी फळं येतात. दिवाळीनंतर खाली सडा पडतो. उचलत कोणी नाही, कारण जंबेरी म्हणजे रोपवाटिकेवाल्यांनी बियांसाठी घ्यायची वस्तू, असंच आमच्याकडे सगळे धरून चालतात.

गेल्या डिसेंबरात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. वरणभात समोर ठेवला की दोन घास खाऊन ताट सरकवायचे. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. भाताचं ताट कोणी सरकवलं की मला फार लागतं. घरात लिंबू नव्हतं, सांबार मात्र दारच्या वाफ्यात माजला होता. (सांबार म्हणजे कोथिंबीर, आम्ही विदर्भातले हाच शब्द वापरतो.) मी विहिरीवर गेले आणि दोन जंबेऱ्या तोडून आणल्या.

पहिल्या दिवशी लिंबूभात करतात तशीच घाई केली. कढईत फोडणी घातली, तिच्यातच रस पिळला, सांबार टाकला, वर भात टाकून सराट्यानं परतला आणि झाकण ठेवून वाफ दिली. झाकण काढलं तर सांबार शेवाळासारखा काळपट. मामाजींनी एक घास घेतला आणि म्हणाले, "काय टाकलं वं बाई याच्यात? कडू लागून रायलं." सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी त्यांना ताकभात कालवून दिला.

त्या रात्री मला झोप लागेना. एवढं रसाळ फळ, त्याचं कडू काय झालं? दुसऱ्या दिवशी भात न करता नुसतीच फळं घेऊन बसले. एक फळ कापून रस लगेच चाखला: आंबट, वासाला संत्र्याच्या जवळचा, कडवटपणा जेमतेम. तोच रस वाटीत तासभर ठेवून चाखला तर कडू चढलेला. थोडा चुलीवर गरम केला तर आणखी कडू. चावलेली बी तर जिभेवर रेंगाळत राहिली. साल नखानं खरवडली तेव्हा वरच्या पिवळ्या पापुद्र्याचा सुगंध हातभर पसरला, पण त्याच्या खालचा पांढरा गर कडूच. म्हणजे रस आयत्या वेळी पिळायचा, बिया गाळायच्या आणि चवीसाठीचा रस आगीवर न्यायचा नाही. सांबार काळा पडण्याचं कारणही तेच. आंबट आणि आच एकत्र आली की पानाचा हिरवा रंग टिकत नाही.

मग तांदूळ. घरात माहेरून आलेला चिन्नोर होता. त्याचा भात मी मोठ्या हौसेनं केला आणि पस्तावले. चिन्नोरला स्वतःचा एवढा सुंदर वास असतो की जंबेरीनं तो दाबला, आणि भातही मऊ होऊन रसात चिकटला. चिन्नोर साध्या वरणासोबत, वर तूप, एवढाच खावा असं माझं ठाम मत आहे. या भाताला जुना एचएमटी बरा. शिजल्यावर दाणा सुटा राहतो आणि आपला वास मध्ये आणत नाही. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून काढलं, १९८३ साली सुरुवात करून. आमच्या माहेरी त्यांचं नाव आदरानं घेतात. पोतं उघडताना मला ते आठवतंच.

आता मी करते ते असं. एक वाटी तांदूळ दोनदा धुऊन वीस मिनिटं भिजवते. गंजात भरपूर पाणी उकळून तांदूळ सोडते आणि त्यात जंबेरीचे चार थेंब. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात भात पिवळट दिसतो. एवढ्या आंबटानं तो पांढरा राहतो. दाणा बोटांनी दाबल्यावर मध्ये टिपक्याएवढी कणी लागली की वेळून घ्यायचा. पेज फेकत नाही, मीठ घालून मामाजींना देते. भात कोपरात (परातीत) पसरून ठेवायचा, हाताला कोमट लागेपर्यंत.

तोवर सांबार. धुऊन कापडावर पसरून कोरडा करायचा, ओला राहिला की भात गचका होतो. देठं आणि पानं वेगळी चिरायची, विळीला धार असू द्यावी, नाहीतर पान चिरडून कडा काळ्या पडतात. जंबेरी कापायच्या आधीच किसणीच्या बारीक बाजूनं तिची साल किसायची, एका जागी एकदाच, पिवळं संपून पांढरं दिसलं की फळ फिरवायचं. अर्ध्या फळाचा कीस पुरतो.

फोडणीला दोन चमचे तेल, मोहरी, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, हिंग. दाणे लालसर झाले की सांबाराची देठं, अर्धा मिनिट, आणि कढई खाली. हळद मी घालत नाही, हिरवं आणि पांढरं छान दिसतं. ही फोडणी भातावर. मग त्याच वेळी पिळून गाळलेला दोन चमचे रस, त्यात मीठ विरघळवून. कोरडं मीठ कुठे जास्त, कुठे कमी लागतं. शेवटी सालीचा कीस आणि पानं, हलक्या हातानं खालीवर. झाकून दहा मिनिटं.

चौथ्या वेळी तो असा जमला. वांग्याच्या भरताशेजारी वाटीभर वाढला होता. मामाजींनी आधी वास घेतला, मग भरताला हात न लावता भातच खाल्ला आणि म्हणाले, "अजून हाये का थोडा?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोपरच पुढे सरकवला.

हल्ली तुरीच्या शेतात नेते तेव्हा पानं आणि रस भातात कालवत नाही. भात आणि फोडणी डब्यात, सांबार ओल्या फडक्यात, जंबेरी अख्खी. बांधावर बसलं की तिथंच विळ्यानं कापते.