तुम्ही विचारलंत म्हणून: ती साडी कुठे आहे?

"दर उन्हाळ्यात आंधळगावला मागावर बसायला जातेस, मग एक तरी साडी दाखव की." लग्नात, ऑफिसात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा हेच. आजवर "अजून पूर्ण व्हायचीय" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगूनच टाकते. साडी नाही. वीतभर तुकडाही नाही.

आंधळगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं कोशाच्या विणकरांचं गाव. तिथल्या एका विणकर काका-काकूंच्या घरी मी जाते. मे महिन्यातच का, हे आधी उरकते. पावसाळ्यात त्यांच्या घरातली माणसं धानाच्या रोवण्याला जातात, तेव्हा पाहुणी म्हणून जाऊन बसणं मला बरं वाटत नाही. आणि पंचेचाळीस डिग्रीत चिखलदऱ्याच्या गर्दीत जाण्यापेक्षा खड्डामागावर बसणं सुखाचं असतं. पाय जमिनीखाली, कुडाला पाणी मारलेलं, वर कौलं. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून जमीनही ओली ठेवतात. अकरा ते पाच गाव दाराआड असतं. हिंडायचं ते पहाटे आणि दिवेलागणीला. तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडक्यांचे भारे फळीकडे, म्हणजे पानं गोळा करतात त्या केंद्राकडे, निघालेले दिसतात. मोहाडीला चौंडेश्वरीचं देऊळ आहे. संध्याकाळी मामा तलावाच्या पाळीवर बसायचं. मे महिन्यात पाणी आटून मधोमध गेलेलं असतं आणि ढिवर गुडघाभर चिखलात जाळं ओढत असतात. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडाऱ्याबाहेरच्या मैत्रिणींना हे दरवेळी सांगावं लागतं.)

आता साडीचं.

मी बसते तो माग करवती काठाच्या साडीचा. अंग कोशाचं, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांच्या रेशमाचं, आणि काठावर करवतीचे दाते. धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारे, तीन: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. प्रत्येक ओळीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवावे लागतात. ती अडकवण ढिली पडली की काठाशी फट राहते आणि ओढून घट्ट केली की कापड आकसतं. काका बाजूला बसून बघायचे. "जमते, जमते" म्हणायचे. काकू चहा आणायच्या. निघताना मी दिवसाचे पैसे ठेवायचे. ते कमी नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तेच विचारणार.

त्या रविवारी पहाटे आंबागडला जायचं ठरलं होतं. उकाड्यामुळे सगळे अंगणात बाजेवर झोपलेले. चारच्या सुमाराला तोंड धुवायला उठले तर मागाच्या खोलीत उजेड. काकू खड्ड्यात बसल्या होत्या, डोक्यावर बल्ब, आणि माझं शनिवारचं विणलेलं एकेक ओळ करून काढत होत्या. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, धक्का न लागता बाणा, म्हणजे आडवा धागा, उलटा ओढायचा. विणण्यापेक्षा ते किचकट काम. निघालेल्या धाग्याचा मांडीवर गुंता झाला होता, तुटका, पिंजलेला.

मी दारात उभी. त्यांनी वर पाहिलं आणि हसल्या. ओशाळल्या नाहीत, हे मला अजून टोचतं.

"काहून काढता काकू?"

"व्यापाऱ्याची साडी आहे ना जी. हे नाही चालत."

"दरवेळी काढता?"

"हो."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमाले बरं वाटते ना बसलं की. म्हून."

मी काही बोलले नाही. आंबागडला मात्र गेले. गड देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळातला. चढ फार नाही, पण मी गप्प होते आणि सोबतचा काकांचा पुतण्या तटबंदी, बुरूज दाखवत होता. मी हो-हो करत होते. डोक्यात हिशोब चालला होता: मी दिलेले पैसे एकीकडे, काढायला लागलेली त्यांची रात्र आणि वाया गेलेला कोसा दुसरीकडे. तो जुळला नाही, आजही जुळत नाही.

परतल्यावर मी काकांना म्हटलं, माझ्यापुरता वेगळा ताणा लावा, सुती चालेल, पैसे देते. ते म्हणाले, चालू ताणा उतरवून नवा चढवायचा, एकेक तार फणीतून ओवायची, हे दिवसांचं काम. चार बोटांच्या कापडासाठी कोण करणार? बरोबरच होतं.

याआधी मी सगळ्यांना सांगायचे की मी एक कला जपतेय. त्या बाईला आज भेटले तर तिला विचारीन, कोणाची ग? कला त्यांची, माग त्यांचा, व्यापाऱ्याचा तगादाही त्यांनाच. तुझा फक्त शनिवार. पण तीही उलट विचारील, मग तू अजून का जातेस? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आता मी काठाला हात लावत नाही. धोट्यात घालायच्या धाग्याच्या कांड्या भरते, काकू सांगतील तेव्हा अंगाचा धोटा टाकते, आणि रविवारी दुपारी माझं मीच काढते. त्यातही धागे तुटतात. काकू म्हणतात, राहू द्या जी, मी करतो.

माझी बहीण म्हणते, ही तुझी चैन आहे, ती बिचारी भिडेपोटी सोसतात. असेल. काका म्हणतात, मॅडम आल्या की घरात गंमत असते. हेही भिडेपोटीच असेल. पैसे घेतात, कैरीचा तक्कू बरणीत भरून देतात, आणि पुढच्या वेळी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत या म्हणतात. मी तारीख विचारून घेतली आहे.