पडद्याशिवाय छोटा संगणक घेणाऱ्याला नेमके काय हवे असते

मॉनिटर आणि संगणक एकाच दिवशी घरी आणले, तरी ते एकाच वेळी जुने होत नाहीत. चांगला मॉनिटर दहा-बारा वर्षे सहज टिकतो. प्रोसेसर, मेमरी आणि त्यांवर चालणारी प्रणाली मात्र पाच-सहा वर्षांतच मागे पडू लागते. अंगचा पडदा नसलेला छोटा डेस्कटॉप मागणारा ग्राहक मुळात ही दोन आयुष्ये एकमेकांपासून वेगळी ठेवू पाहत असतो, असे माझे ठाम मत आहे. टेबलावर जागा कमी लागते, वीज कमी लागते, दिसायला सुबक असतो, ही कारणे दुकानदार सांगतात आणि ती खरीही आहेत. पण कोणता भाग कधी बदलायचा हे आपले आपल्याला ठरवता यावे, ही इच्छा त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि या वर्गातले कोणते यंत्र लोकांना मनापासून आवडले व कोणते नाही याचा उलगडाही तिच्यातूनच होतो.

ॲपलचा २७ इंची आयमॅक, म्हणजे पडद्यातच बसवलेला संगणक, याच्या अगदी उलट टोकाला उभा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यात ५१२० × २८८० पिक्सेलचा पडदा आला, आणि मजकुराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यावरचे अक्षर पाहून हेवा वाटावा असाच तो होता. त्याआधीच्या बऱ्याच आयमॅकना दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरण्याची सोय होती. या नव्या पडद्याबरोबर ती गेली. परिणाम असा की आतल्या संगणकाला नव्या प्रणाली मिळेनाशा झाल्या, तरी डोळ्यांना अजून उत्तम दिसणारा तो पडदा सरळ केबल जोडून दुसऱ्या कामाला लावता येत नाही. काही हौशी लोक आतले सगळे काढून त्या जागी बाजारात मिळणारा वेगळा नियंत्रक बोर्ड बसवतात, परंतु सर्वसाधारण घरात हे कोणी करणार नाही. सुटा संगणक घेणाऱ्याला नेमकी हीच अडचण टाळायची असते.

छोटा, पडद्याविना, तरी देखणा संगणक काढण्याचा ॲपलचा पहिला ठळक प्रयत्न २००० सालचा पॉवर मॅक जी४ क्यूब हा होता. त्याची किंमत १,७९९ डॉलर होती, म्हणजे त्याच कंपनीच्या सर्वांत स्वस्त टॉवरपेक्षाही (मोठ्या उभ्या संगणकापेक्षाही) जास्त, आणि वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबवावे लागले. लहान आकारासाठी ग्राहक थोडी गैरसोय सोसतो, पण लहान आहे म्हणून जास्त पैसे मोजायला तो सहसा तयार नसतो, हे तिथे दिसून आले. पुढे ११ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक मिनी दाखवला, तेव्हा मांडणी नेमकी उलटी होती: साडेसहा इंच लांब-रुंद, दोन इंच उंच, किंमत ४९९ डॉलरपासून, आणि मॉनिटर, कीबोर्ड व माउस ज्याचे त्याने आणायचे. खोक्यात जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडण्यासाठी एक छोटा जोडही दिलेला होता. मला त्या सगळ्या यादीत हा जोड सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण घरी आधीच पडदा आहे आणि तो टाकून देण्याची गरज नाही हे गृहीत धरून तो संगणक बनवला होता.

मात्र आत हात घालू द्यायला कंपनी तेव्हाही नाखूशच होती. मेमरीसाठी एकच खाच होती आणि झाकणाला बाहेरून दिसणारा एकही स्क्रू नव्हता. रंगकाम करणारे भिंतीला पुट्टी लावायला जी पातळ पाती वापरतात, ती कडेच्या फटीत सारून आतल्या प्लॅस्टिकच्या कड्या एकेक करून सोडवाव्या लागत. २०१० साली आलेल्या ॲल्युमिनियमच्या मॉडेलमध्ये हे चित्र पार बदलले. तळाशी एक काळी गोल चकती होती, तिच्यावर अंगठ्यांसाठी दोन खळगे होते. दोन्ही अंगठे टेकवून ती किंचित फिरवली की निघून येई आणि मेमरीच्या दोन्ही पट्ट्या समोर दिसत. वीजपुरवठ्याचा वेगळा ठोकळाही तेव्हाच गेला, तो संगणकाच्या आतच सामावला गेला. एखादा निर्माता ग्राहकाच्या मनातले ओळखतो तेव्हा काय घडते, याचा तो उत्तम नमुना होता, आणि म्हणूनच २०१२ सालचे चार कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार गाभे असलेले, मॅक मिनी पुढे कितीतरी वर्षे जुन्या बाजारात मागणीत राहिले.

२०१४ च्या मॉडेलने ती सगळी पुण्याई घालवली. किंमत पुन्हा ४९९ डॉलरवर आली खरी, पण मेमरी बोर्डावर कायमची सोल्डर केलेली, सर्वांत स्वस्त प्रकारात ती फक्त ४ जीबी, जोडीला ५०० जीबीची संथ हार्ड डिस्क, आणि चार कोअरचा पर्याय तर पूर्णच काढून टाकलेला. त्यानंतर चार वर्षे नवे मॉडेल आलेच नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आले तेव्हा मेमरी पुन्हा बदलता येण्याजोगी झाली होती, पण साठवणूक सोल्डर केलेली होती आणि सुरुवातीची किंमत ७९९ डॉलरवर गेली होती. २०२० मधल्या एम१ या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरपासून मेमरी प्रोसेसरच्या शेजारी एकाच आवरणात बसू लागली. यामागे वेगाचे आणि विजेच्या बचतीचे खरे तांत्रिक कारण आहे आणि ते मला मान्य आहे. चालू स्थितीत स्वस्थ बसलेला २०१८ चा मिनी सुमारे २० वॅट वीज घेई, एम१ चा मिनी सातच्या आत घेतो, हा फरक लहान नव्हे. साठवणुकीच्या बाबतीत मात्र असे कोणतेही कारण मला पटलेले नाही. ऑक्टोबर २०२४ च्या एम४ मिनीत ती निदान एका सुट्या छोट्या कार्डावर आली, पण ते कार्ड ॲपलच्याच घडणीचे आहे, बाजारात मिळणारी नेहमीची एसएसडी, म्हणजे साठवणुकीची वेगवान पट्टी, त्यात बसत नाही. भारतात तो मिनी ५९,९०० रुपयांना आला आणि २५६ जीबीऐवजी ५१२ जीबी हवी तर ७९,९०० रुपये पडत होते. नुसत्या २५६ जीबीसाठी वीस हजार रुपये मागणे म्हणजे ग्राहकाला पुढे बदल करता येणार नाही याचीच किंमत वसूल करणे होय, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

विंडोज आणि लिनक्सच्या बाजूला ही भूक इंटेलच्या एनयूसीने ओळखली होती. चार इंच लांब-रुंद बोर्डाचा तो डबा २०१२-१३ च्या सुमारास बाजारात आला आणि बहुतेक वेळा तो रिकामाच विकला जाई. मेमरी आणि एसएसडी ग्राहकाने आपल्या ऐपतीप्रमाणे घालायची. जुलै २०२३ मध्ये इंटेलने या व्यवसायातून अंग काढून घेतले आणि पुढची मॉडेले एसुसकडे गेली. पण माझ्या मते या वर्गातली सर्वांत शहाणी यंत्रे कचेऱ्यांसाठी बनवलेली आहेत: लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा डेस्कटॉप मिनी आणि डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो. तिघांचेही आकारमान साधारण एक लिटर. शेकडो यंत्रे सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक दुरुस्तीसाठी सेवा केंद्र गाठणे परवडत नाही, म्हणून ती उघडायला सोपी केली गेली, आणि त्याचा फायदा घरगुती ग्राहकाला आपोआप मिळाला.

टायनीच्या बऱ्याच मॉडेलांत मागचा एकच स्क्रू सोडवला की वरचे झाकण पुढे सरकून निघते. खालच्या छोट्या झाकणाखाली मेमरीच्या दोन खाचा असतात. पट्टी लॅपटॉपचीच. ती तिरपी धरून खाचेत सारायची आणि वरून हलकेच दाबायची, की दोन्ही कडांचे चाप टिचकन आवाज करून तिला पकडतात. ८ जीबीचे १६ जीबी व्हायला चहा थंड व्हायच्या आत काम होते. त्याचा अडॅप्टरही त्या काळच्या थिंकपॅड लॅपटॉपचाच आहे, त्यामुळे तो बिघडला तर तालुक्याच्या गावीही दुसरा मिळू शकतो. मॉनिटरमागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर जी चार भोके असतात, त्यांवर पट्टी लावून हा सगळा संगणक पडद्याच्या पाठीला बसवता येतो. फक्त तसे करताना हवेची वाट मोकळी ठेवावी, कारण आतला पंखा लहान असतो, त्यात धूळ साचली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ही गोष्ट लगेच जाणवते.

पोर्टच्या बाबतीत ग्राहकाचे मागणे साधे आहे आणि तरी ते वारंवार दुर्लक्षिले जाते. पेनड्राइव्ह, हेडफोन आणि फोनची केबल यांसाठी जागा समोर हवी; मॅक मिनीला ती २०२४ पर्यंत वाट पाहून मिळाली, आणि मिळाली तेव्हा जुन्या चौकोनी यूएसबीचे एकही पोर्ट शिल्लक राहिले नव्हते. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, जुना स्कॅनर, प्रिंटर हे सारे आपल्याकडे अजून चौकोनी यूएसबीवरच चालते. सनदी लेखापालाच्या टेबलावर तर एका वेळी असे दोन-तीन टोकन लावलेले असतात. पॉवरचे बटण तळाशी नेण्याचा निर्णयही मला समजलेला नाही. जिथे दिवसातून कधीही वीज जाते तिथे ते बटण हाताशी असले पाहिजे.

पडदा आपला असला की तो नीट जुळण्याची जबाबदारीही आपल्याकडे येते, आणि मराठीत काम करणाऱ्याने इथे विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने सांगायचे आहे. कचेरीच्या मिनींना बहुधा डिस्प्लेपोर्ट असते आणि घरच्या जुन्या मॉनिटरला एचडीएमआय किंवा नुसते व्हीजीए, तेव्हा जोड आधीच घेऊन ठेवावा. ४के, म्हणजे दाट पिक्सेलचा, मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ वर लावला तर सेकंदाला ३० चित्रेच मिळतात आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. मॅकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे: मॅकच्या प्रणालीच्या २०१८ मधल्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा साध्या पडद्यांवर गुळगुळीत दाखवण्याची जुनी पद्धत बंद केली, कारण त्यांचे स्वतःचे पडदे दाट पिक्सेलचे झाले होते. रोमन अक्षरांना त्याचा थोडाच त्रास होतो. देवनागरीत मात्र एकाच अक्षराच्या उंचीत रफार, वेलांटी, जोडाक्षराचा पाय आणि खालचा उकार असे सगळे मावायचे असते. २४ इंची, १०८० ओळींच्या पडद्यावर लहान टायपात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक डोळ्यांना ताण देऊन शोधावा लागतो. मुद्रितशोधनासाठी मिनी घेणाऱ्याने म्हणून संगणकावर थोडे कमी खर्चावे आणि ४के पडद्यावर जास्त. पडदा पुढच्या दोन संगणकांना पुरेल.

पहिलाच संगणक घेणाऱ्या घराला मी हे यंत्र डोळे झाकून सुचवत नाही. खोक्याची किंमत कमी दिसते, पण मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, मायक्रोफोन आणि यूपीएस एकत्र धरले की बेरीज लॅपटॉपच्या पुढे जाऊ शकते, आणि लॅपटॉपला बॅटरी अंगचीच असते. ऑनलाइन बैठक सुरू झाल्यावर यात मायक्रोफोनच नाही हे कळणे फार गैरसोयीचे असते. उलट ज्यांच्याकडे यातले अर्धे सामान आधीच आहे त्यांच्यासाठी याहून किफायतशीर दुसरे काही नाही, कारण एवढी कमी वीज घेणारे यंत्र साध्या घरगुती यूपीएसवर मोठ्या टॉवरपेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरते.

कंपन्यांच्या भाडेकरारातून बाहेर पडलेली एक लिटरची यंत्रे आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत सर्वत्र मिळतात आणि चांगल्या किमतीला मिळतात. ती घेताना प्रोसेसरची पिढी अवश्य विचारावी. विंडोज १० चे नेहमीचे अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. ‘आय५’ एवढेच सांगून विकणारे पुष्कळ आहेत. पण सहाव्या पिढीचा आय५-६५००टी चार कोअरचा आहे आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, तर आठव्या पिढीचा आय५-८५००टी सहा कोअरचा आहे आणि बसतो, शिवाय दोन्ही डबे बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र अगदी स्वस्तात मिळत असेल आणि त्यावर लिनक्स चालवायची तयारी असेल, तर तेही जरूर घ्यावे. मूळ अडॅप्टर सोबत आहे का, मेमरीची दुसरी खाच रिकामी आहे का आणि पंखा घरघरतो का, एवढे दुकानातच झाकण उघडून व यंत्र सुरू करून पाहून घ्यावे. झाकण उघडू न देणाऱ्या दुकानदाराकडून ते घेऊ नये.