मचाणावर चढण्याआधी

बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. काल रात्रभर प्राणिगणनेसाठी येऊरच्या जंगलात मचाणावर बसले होते. दुपारभर झोपले तरी डोळे चुरचुरतायत. घरात, सोसायटीत, फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, बिबट्या दिसला का? नाही दिसला. उशिरा पाणवठ्यावर रानडुकरं येऊन गेली, रातवा बराच वेळ ओरडत होता, पहाटे कुठेतरी भेकर भुंकलं. प्रगणनेच्या तक्त्यात भरायला एवढंच. मला लिहायचंय ते जेवणाबद्दल.

येऊर ठाणेकरांना काही परदेश नाही, परिवहनची बस जाते. पण पाड्याच्या शेवटच्या घरामागची पायवाट धरली की मोबाइलची रेंज जाते. मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान आणि आपण. त्या शेवटच्या घरी वनरक्षकांनी आमचं जेवण सांगून ठेवलं होतं. माझी अपेक्षा काय, तर फॉइलच्या डब्यातला गारढोण पुलाव आणि लोणच्याची पुडी.

मावशींनी अंगणातल्या चुलीवर खापर, म्हणजे मातीचा तवा, ठेवलं होतं. तांदळाच्या पिठाची उकड काढून, गरम असतानाच मळून, पाण्याचा हात लावत भाकरी थापायच्या. खापरावर पडली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यापाशी उभी धरायची. टम्म फुगायची. पापुद्रा कागदासारखा, आत वाफ. सोबत जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी. आधी कोरडा भाजलेला, मग धुऊन कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि सालासकट कैरीच्या फोडींबरोबर परतलेला. कैरीने जवळ्याचा उग्रपणा मारला होता, चव नाही. आणि पाट्यावर वाटलेली कच्च्या करवंदांची चटणी, जिने कानशिलं तापली.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं लगेच कुणीतरी म्हणालंच. मला नाही पटलं. मी घरून आमरस-पुरी चेपून निघाले होते, भूक कसली? जेवण चांगलं होतं म्हणून चांगलं लागलं. भाकरी खापरावरून थेट ताटात येत होती आणि एकाही पदार्थात नको ती वस्तू नव्हती. येऊरच्या रस्त्याला ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या कमी नाहीत. तिथे धुराचा वास असतो, वर बोटभर तेल आणि सगळ्या भाज्यांना एकच लाल वाटण.

“अजून एक टाकते, बसा,” म्हणत मावशींनी तिसरी वाढली. मी नाही म्हटलं नाही.

खरी पंचाईत पुढे. मचाणावर अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलायचं नाही, या सूचना आधीच मिळाल्या होत्या. हाताला येणाऱ्या जवळ्याच्या वासाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. राखेने हात घासले, लिंबू चोळलं, तरी मचाणावरचा माझा जोडीदार, कॉलेजातला मुलगा, मध्यरात्री कुजबुजला, “ताई, बिबट्या नाही, मांजर येईल.”

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची खरेदी व्हायचीच आहे. रविवारी चेंदणी कोळीवाड्यात जाऊन जवळा घेईन, कैऱ्या संपायच्या आत. बिडाच्या तव्यावर उकडीची भाकरी चिकटते, असं आईचं म्हणणं. तेव्हा खापर कुठे मिळतं तेही बघायला हवं, आणि गॅसवर ते टिकतं का, हेसुद्धा.